बेडसोर : कूस बदलली, पण पाठ बघितली का?

रात्रपाळी | ११ मे, रात्री १०.४०

गेल्या आठवड्यात आमच्या वॉर्डात एक आजोबा परत आले. मार्चमध्ये लकवा मारला म्हणून सतरा दिवस आमच्याकडेच होते. घरी पाठवलं तेव्हा पाठ स्वच्छ होती, मी स्वतः बघितली होती. आता माकडहाडावर मूठ बसेल एवढी जखम आहे आणि तळाशी हाड दिसतंय. बरोबर थोरला मुलगा आणि सून. दोघांनी मनापासून सेवा केली आहे, हे आजोबांची कापलेली नखं आणि गुळगुळीत दाढी बघूनच कळत होतं. मुलगा म्हणाला, "सिस्टर, एक गोळी चुकवली नाही. पण पाठीकडं बघायचं असतं हे आम्हाला कुणी बोललंच नाही."

डिस्चार्ज कार्ड काढून बघितलं. दर दोन तासांनी पोझिशन बदला, असं त्यावर लिहिलेलं होतं. इंग्रजीत.

ही चूक आमची आहे. बावीस वर्षं झाली मला या कामात. आमच्या वॉर्डात बेडसोर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, होत नाही याचा मला अभिमान होता, पण वॉर्डातले सतरा दिवस संपले की पेशंट घरी जातो आणि तिथं ना सिस्टर असते, ना मावशी. म्हणून हा धागा. घरी कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल, किंवा तुम्ही स्वतः वॉर्डात काम करत असाल, तर आपापलं लिहा.

आधी हे होतं कसं ते सांगते. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी आणि मांस चेपलं जातं, बारीक रक्तवाहिन्या दबतात आणि तेवढ्या भागाला रक्त पोचत नाही. आपल्याला अवघडतं म्हणून आपण झोपेतसुद्धा कूस बदलतो. लकवा, मणक्याचा मार किंवा बेशुद्धी असेल तर ते अवघडणं कळतच नाही. मांडीचं हाड मोडलेलं असेल तर कळतं, पण हलता येत नाही. काही तासांत नुकसान सुरू होतं, आणि पुष्कळदा ते आत, हाडालगत सुरू होतं. वर रुपयाएवढा डाग आणि आत पोकळी, असं मी कितीदा तरी बघितलंय.

कूस बदलणारे पुष्कळ भेटतात, बघणारे कमी. आमच्याकडं ड्यूटी बदलताना हँडओव्हर बेडजवळ उभं राहून होतो, आणि तेव्हाच दोघी मिळून पेशंटला वळवून पाठ, खुबे, टाचा बघतो. कुठं लाल दिसलं तर बोटानं तीन-चार सेकंद दाबून सोडायचं. बोटाखालचा भाग पांढुरका होऊन पुन्हा लाल झाला, तर तिथं रक्त फिरतंय. लाली हटलीच नाही, तर ती बेडसोरची पहिली पायरी, मग कातडी अख्खी असली तरी. पण आपल्याकडच्या काळ्यासावळ्या, उन्हात रापलेल्या कातडीवर ही लाली दिसत नाही. तिथं हाताच्या पाठीनं तपासा. शेजारच्या कातडीपेक्षा तो भाग गरम किंवा गार लागतो का, टणक किंवा लिबलिबीत लागतो का, हात लावला की पेशंट कण्हतो का. जांभळट-काळपट डाग दिसला तर अजिबात वाट बघू नका, आतलं मांस मेलेलं असू शकतं. आणि हे ट्यूबलाइटखाली करू नका, खिडकी उघडून दिवसाच्या उजेडात करा.

वळवताना एकदम आडवं कुशीवर ठेवलं तर सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. पाठीमागं उशी लावून अर्धवट, साधारण तीस अंशांत कलतं ठेवायचं. माकडहाडाखाली हात घालून बघा, तो सहज गेला तर जमलं. दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी. पोटरीखाली लांब उशी, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत, म्हणजे टाच अधांतरी राहते. टाच आणि गादी यांच्यातून कागद सरकला पाहिजे.

आणि पेशंटला ओढू नका. ओढताना कातडी चादरीला धरून राहते आणि आतलं हाड पुढं सरकतं, मधल्या रक्तवाहिन्या पिळवटून निघतात. खांद्यापासून मांडीपर्यंत येईल अशी एक आडवी चादर खाली घालून ठेवा, घरी जुन्या लुगड्याची चौघडी चालते. दोघांनी दोन बाजूंनी ती धरायची, उचलायचं आणि मग सरकवायचं. जेवण भरवायला डोक्याकडची बाजू वर करताना आधी गुडघ्याखाली उशी द्या, नाहीतर पेशंट हळूहळू खाली घसरतो आणि माकडहाडावरची कातडी तशीच पिळवटते.

आता वॉर्डातल्या माझ्या बहिणींना आणि ब्रदर मंडळींना एवढंच सांगायचंय, हे नातेवाइकांना तोंडी सांगून सोडू नका. पेशंटला घरी सोडायच्या आदल्या दिवशी त्यांच्या हातून करवून घ्या, तुम्ही बाजूला उभ्या राहा. मी आता तसं सुरू केलंय. दहा मिनिटं लागतात.

---

दुधना_काठ | १२ मे, सकाळी ६.५०

ताई, मी सेलूची. आईचा खुबा मोडला होता, ऑपरेशन होऊन बारा दिवस झाले. तिला शुगर आहे. तुमचं वाचलं आणि लगेच उठून बघितलं तर डाव्या टाचेवर काळपट डाग आहे, आठ आण्याच्या नाण्याएवढा. कातडी फाटलेली नाही. मला वाटलं होतं मळ आहे, काल मी तो घासला बी होता.

घरी मी एकटीच करणारी. मालक कापसाच्या जिनिंगवर असतात, रात्री दोन-दोन तासांनी उठायला जमंना. शेजारच्या काकू म्हणतात स्पिरिट लावून पावडर चोळ. मेडिकलवाल्यानं हवेची रिंग दिलीय, ती कमरेखाली ठेवलीय. बरोबर आहे का?

---

रात्रपाळी | १२ मे, सकाळी ७.३०

बरं झालं लगेच बघितलंस. आजच ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना टाच दाखव, किमान फोन तरी कर. शुगर असलेल्या माणसाच्या टाचेवरचा काळपट डाग थांबून बघायचा नसतो, त्यांना पायाचा रक्तपुरवठाही तपासावा लागेल. तोवर टाच अधांतरी ठेव आणि तिला घासू नकोस. फोड आला तर फोडू नकोस. हातमोज्यात पाणी भरून टाचेखाली ठेवायची पद्धत अजून काही ठिकाणी दिसते, तेही करू नको. त्यानं भार हटत नाही.

रिंग काढून टाक, आत्ताच. रिंगच्या काठावर गोलाकार दाब पडतो आणि मधल्या भोकात आलेल्या कातडीचं रक्त अडतं, ती सुजते. फायद्यापेक्षा नुकसान जास्त.

स्पिरिटनं कातडी कोरडी पडून तडकते. पावडर घामात भिजून तिचे खडे होतात आणि तेच टोचत राहतात. चोळणं तर लाल किंवा काळपट जागेवर अजिबातच नको, आतल्या नाजूक झालेल्या वाहिन्या फुटतात. बाकीच्या कोरड्या कातडीवर खोबरेल तेल हलक्या हातानं लावलंस तर हरकत नाही.

रात्रीचं. दोन तास हा सुरुवातीचा हिशेब आहे. गादी चांगली जाड, वजनानं खाली टेकणार नाही अशी असेल आणि सकाळी बघितल्यावर कातडी निर्मळ असेल, तर रात्रीचं अंतर हळूहळू तीन तास, मग चार तासांपर्यंत नेता येतं. सकाळी लाली दिसली तर परत मागं यायचं. दर वेळी पूर्ण वळवावं लागतं असंही नाही. पाठीमागची उशी थोडी ओढून घेतली, पायाखालची थोडी सरकवली, तरी भार हलतो, आणि हे एकटीला जमतं. खुब्याचं ऑपरेशन आहे म्हणून कोणत्या कुशीवर झोपवायचं आणि पाय किती दुमडायचा हे मात्र डॉक्टरांना विचारूनच. गुडघ्यांमधली उशी काढू नकोस.

आई झोपते कशावर? बाज असेल तर सांग. सुंभाच्या बाजेला मध्ये झोळ पडतो आणि सगळं वजन कमरेवर येतं.

---

उमरगेकर | १२ मे, दुपारी ३.१५

मी २०११ साली निवृत्त झाले. स्पिरिट-पावडरचा विषय निघाला म्हणून लिहिते. आमच्या ट्रेनिंगमध्ये 'बॅक केअर' म्हणजे हेच होतं, साबणानं पाठ धुवायची, स्पिरिट चोळायचं, पावडर लावायची. हजारो पाठी मी अशा चोळल्या आहेत. चोळून लाल झाली की वाटायचं रक्त खेळलं. आता वाटतं, त्यात काही पाठींचं आपण नुकसानच केलं असणार. शिकलेलं मोडून परत शिकावं लागलं, ते शिकले.

किल्लारीच्या भूकंपातले पेशंट आठवतात. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक गाढ झोपलेले. दगडामातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती आणि वर मातीचं माळवद, ते सगळं अंगावर आलं. जे वाचले त्यांच्यात मणक्याला मार बसलेले पुष्कळ होते. कमरेखाली हालचाल नाही, लघवीचा ताबा नाही, आणि निम्म्यांचं घरदार गेलेलं, मग शेजारी बसणार कोण? गाद्या पुरल्या नाहीत, खाटा पुरल्या नाहीत. मदतीत आलेल्या ब्लँकेटांच्या वळकट्या करून आम्ही पाठीमागं लावायचो. शाळेच्या पाट्या आणल्या होत्या. प्रत्येक खाटेला एक पाटी, तिच्यावर खडूनं 'पाठ', 'डावी', 'उजवी' आणि वेळ. वाचता येणारं जे कुणी वॉर्डात असेल, मग ते दुसऱ्याच पेशंटचं नातेवाईक असो, ते पाटी बघून हाक मारायचं, "सिस्टर, सात नंबरची वेळ झाली."

त्यातली तिशीची एक बाई मला अजून दिसते. तीन महिने होती. तिची पाठ आम्ही वाचवली. उजव्या टाचेला मात्र जखम झालीच, कारण तेव्हा आम्ही पाठीकडंच बघत होतो, टाचेकडं लक्ष गेलं नाही. सेलूच्या पोरीनं आज टाच बघितली, हे वाचून बरं वाटलं.

---

जीएनएम_दुसरं_वर्ष | १२ मे, रात्री ९.०५

मॅडम, आम्हाला ब्रेडन स्केल, म्हणजे बेडसोरचा धोका गुणांनी मोजायचा तक्ता, शिकवलंय. परीक्षेला लिहिता येतं, पण वॉर्डात कुणी भरताना दिसत नाही. चाळीस पेशंट आणि रात्री दोन सिस्टर असतील तर ते खरंच भरायचं का?

---

रात्रपाळी | १३ मे, पहाटे ५.२०

भरायचं, आणि चाळीस पेशंट असतात म्हणूनच भरायचं. १९८७ मध्ये बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांनी ते मांडलं. सहा गोष्टी : दाब-दुखणं जाणवतं का, कातडी ओली राहते का, उठबस किती, अंथरुणातल्या अंथरुणात हलतो का, खाणं किती, आणि घासणं-पिळवटणं. पहिल्या पाचांना १ ते ४, शेवटच्याला १ ते ३. एकूण २३. जितके गुण कमी तितका धोका जास्त, १८ किंवा खाली गेलं की सावध व्हायचं.

चाळीसही जणांना दोन तासांनी वळवणं दोघींच्यानं होत नाही, हे कुणीतरी स्पष्ट बोललं पाहिजे. मी बोलते. भरती निघत नाही, जागा रिकाम्या राहतात आणि फाटलेल्या पाठीचा जाब रात्रीच्या सिस्टरला विचारतात. पण स्केल भरलं की त्या चाळिसांतले आठ कोण ते कळतं. त्या आठ जणांना दरवाजाजवळच्या खाटा दे, म्हणजे जाता-येता नजर पडते. आणि गुण एकदा भरून विसरायचे नाहीत. ताप आला, जुलाब लागले, बीपी पडलं की त्याच दिवशी परत भरायचे.

नळ्याही बघत जा. ऑक्सिजनच्या नळीनं कानामागं कापतं, नाकातून पोटात घातलेल्या रायल्स ट्यूबनं नाकपुडीला, आणि लघवीचा कॅथेटर मांडीखाली अडकला तर त्याचा वळ उठतो. स्केलच्या तक्त्यात हे येत नाही.

---

कयाधू | १३ मे, सकाळी ११.३०

आम्ही वडिलांसाठी एअर बेड घेतला, बुडबुड्यांचा. पण लाइट गेली की मोटर बंद. हिंगोली तालुक्यात आमच्या गावाला उन्हाळ्यात लाइटीचा काही नेम नाही. दोन-तीन तासांत हवा उतरते आणि वडील फळीवर येतात. पैसे वाया गेले का?

---

रात्रपाळी | १३ मे, दुपारी २.१०

वाया नाही गेले, पण फळीवरून काढा. खाली नेहमीची कापसाची किंवा फोमची गादी आणि तिच्यावर एअर बेड. लाइट गेली तर किमान खाली गादी उरते. एअर बेडवर एकच पातळ सुती चादर घाला. वर वाकळ, रबरशीट, परत चादर असं थरावर थर घातलं तर बुडबुड्यांचा उपयोगच उरत नाही.

हवा पुरेशी आहे का हे असं बघा. वडील झोपलेले असताना माकडहाडाच्या बरोबर खाली, एअर बेड आणि गादी यांच्यामध्ये तळहात घाला. शरीर हाताला टेकल्यासारखं लागलं तर हवा कमी आहे, मध्ये किमान इंचभर फुगलेला भाग जाणवला पाहिजे. नळी मुरगळलेली नाही ना तेही बघा. आणि एअर बेड असला तरी वळवायचं थांबवू नका. दुकानदार सांगतात की आता काही करायची गरज नाही, ते खरं नाही.

---

मांजरा | १३ मे, रात्री ११.४५

ओलाव्याबद्दल मी लिहितो. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते सगळ्यांना माहीत आहे. त्याच उन्हाळ्यात आमचे अण्णा अंथरुणावर होते, लघवी-शौच जागेवरच. पाणी विकत घ्यायचं, प्यायला पुरवायचं, चादरी कुठून धुणार?

तेव्हा घरी येणाऱ्या एका सिस्टरबाईंनी रीत लावून दिली. चादरीवर आईच्या जुन्या सुती लुगड्यांचे हातभर तुकडे, ओला झाला की तेवढाच बदलायचा. शौच झालं की तांब्याभर कोमट पाण्यात मऊ फडकं भिजवून पुसायचं, घासायचं नाही, आणि कोरड्या कापडानं टिपून घ्यायचं. मग व्हॅसलिनचा पातळ थर. तो थर असला की पुढच्या वेळी घाण कातडीला चिकटत नाही आणि पाणीही कमी लागतं. लातूरच्या उन्हात तुकडे दोन तासांत कडक वाळायचे. ते चोळून मऊ केल्याशिवाय अंगाखाली घालू द्यायच्या नाहीत.

अण्णा ऑगस्टमध्ये गेले. आंघोळ घालताना पाठ बघितली, एक ओरखडा नव्हता. एवढं तरी आमच्या हातून झालं.

---

उमरगेकर | १४ मे, सकाळी ८.००

मांजरा, तुमचं परत परत वाचलं. त्या सिस्टरबाईंना माझा नमस्कार सांगा.

एक भर घालते. सतत ओली राहिलेली कातडी बोटं पाण्यात राहिल्यावर होतात तशी पांढरी, फुगीर होते, आणि मग जराशा घासण्यानं सोलवटते. घामानंही तेच होतं. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर गेल्यावर मेणकापडावर झोपवलेल्या माणसाची पाठ दिवसभर भिजलेली असते. मेणकापड हवंच असेल तर फक्त कमरेखाली, आणि त्यावर सुती कापड.

---

बालाघाट | १४ मे, संध्याकाळी ६.२०

मी पाटोदा तालुक्यातला. २०१४ ला विहिरीच्या कामावर असताना वरून पडलो, कमरेखाली जाणीव नाही. तेव्हापासून व्हीलचेअरवर. इथं सगळे झोपलेल्या पेशंटचं लिहितायत म्हणून बसणाऱ्याचं सांगतो.

बसल्यावर सगळं वजन बुडाच्या दोन हाडांवर येतं, झोपण्यापेक्षा जास्त दाब. पहिल्या वर्षी मला तिथं जखम झाली, भरायला सात महिने गेले, सात महिने पालथं झोपून काढले. मुलगी तेव्हा दुसरीत होती, तिचा अभ्यास मी पालथं पडून घेतला.

हातावर जोर देऊन वर उचलायला शिकवलं होतं. मी दहा सेकंद उचलायचो आणि झालं म्हणायचो. नंतर कळलं की दबलेल्या जागेत रक्त नीट परतायला दीड-दोन मिनिटं लागतात. तेवढा वेळ हातावर कुणी राहू शकत नाही, खांदे जातात. म्हणून आता पुढं वाकतो, छाती मांड्यांवर टेकवून, दोन मिनिटं. मग डावीकडं कलतो, उजवीकडं कलतो. दर वीस मिनिटांनी. दुकानात गिऱ्हाईक असलं तरी.

रात्री बायको मोबाइलनं बुडाचा फोटो काढते आणि मी स्वतः बघतो. आधी लाज वाटायची. मागच्या खिशात पाकीट, पँटची जाड शिवण, चेन, यातलं काही अंगाखाली ठेवत नाही. मला टोचलेलं कळत नाही.

---

कयाधू | १५ मे, सकाळी ९.४०

बालाघाट भाऊ, धन्यवाद, वडिलांना आता खुर्चीत बसवताना लक्षात ठेवीन. सिस्टर, खाण्याचं काय? वडील फक्त चहा-बिस्कीट आणि वरणभात खातात, वजन पन्नास किलो.

---

रात्रपाळी | १५ मे, रात्री १०.००

वरणभात वाईट नाही, पण एवढ्यावर भागणार नाही. धोक्यातल्या पेशंटला वजनाच्या दर किलोला दिवसाला सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे वडिलांना साधारण ६२ ते ७५ ग्रॅम. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम, कपभर दुधात ६-७, वाटीभर घट्ट वरणातही जवळपास तेवढंच. हिशेब करा, चहा-बिस्किटावर कुठं पोचणार? वरण पातळ करू नका, तूर घट्ट शिजवा. भाकरी दुधात किंवा वरणात कुस्करून द्या. शेंगदाण्याचा कूट कशातही मिसळतो. अंडं खात असतील तर रोज दोन. ताक, दही. एका वेळी थोडं आणि पाच-सहा वेळा. पाणी मागत नसले तरी विचारून पाजा.

किडनीचा त्रास असेल तर मात्र प्रथिनं डॉक्टरांना विचारून. आणि भरवताना ठसका लागत असेल तर जबरदस्ती नको, तेही डॉक्टरांना सांगा.

---

दुधना_काठ | २२ मे, दुपारी १२.३०

ताई, त्याच दिवशी आईला दाखवलं होतं. डॉक्टर म्हणाले वेळेवर आणलंत. रक्तपुरवठ्याची तपासणी केली, तो ठीक आहे. टाच दहा दिवस उशीवर अधांतरी आहे, डाग फिका पडतोय, कातडी फुटली नाही. बाज काढून टाकली, लाकडी पलंगावर जाड फोम टाकलाय. पाटी पण लावलीय भिंतीला, उमरगेकर मावशींची. मालक रात्री जिनिंगवरून आले की आधी पाटी बघतात आणि बाराची वेळ तेच करतात.

आज एक नवीन दिसलंय. उजव्या पायात डॉक्टरांनी दिलेला घट्ट मोजा आहे, त्याची वरची कड गुंडाळली गेली होती. काढून बघितलं तर पोटरीवर लाल पट्टा.

---

रात्रपाळी | २२ मे, दुपारी १२.४५

मोजा आत्ता काढूनच ठेव. परत कधी घालायचा ते डॉक्टरांना विचार. घालताना कड कधीच दुमडायची नाही, आणि रोज काढून पाय बघायचा. लाल पट्टा बोटानं दाबून बघितलास का? लाली हटते का?

---

दुधना_काठ | २२ मे, दुपारी १२.५०

हटते. खिडकी उघडून बघितलं.